पेटींतील कॅमेरा व खिशांतील कॅमेरा : छायाचित्रांच्या इतिहासावरून धर्मग्रामास कांहीं बोध

आपल्या धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त ही स्मरणिका काढण्याचें ठरलें, तेव्हां जुनीं छायाचित्रें जमविण्याचें काम प्रस्तुत लेखकाकडे आलें. रविवारच्या मिस्सेनंतर सूचना देण्यांत आली कीं, ज्या कुटुंबांपाशीं चर्चमधील अगर धर्मग्रामांतील प्रसंगांचीं चित्रें असतील, त्यांनीं तीं कृपा करून आणून द्यावीं. काम सोपें वाटलें होतें. परंतु त्यांत जो अनुभव आला तो मोठा चमत्कारिक होता.

जीं चित्रें मिळणें कठीण असें वाटत होतें, तींच सर्वांत आधीं हातीं आलीं. कोनशिलेच्या समारंभाचें मोठें समूहचित्र एका आजीबाईंच्या ट्रंकेंत, लग्नांतल्या साडीच्या घडींत सुखरूप होतें. जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेलें, कडा किंचित् कुरतडलेल्या. पण एकेक चेहरा असा स्पष्ट कीं धर्मगुरूंच्या झग्याचीं बटणें मोजून घ्यावीं. पाठीमागें ओळीनें सर्वांचीं नांवें लिहिलेलीं. त्यानंतर १९६० ते १९७५ च्या दरम्यानचीं लहान चौकोनी काळींपांढरीं चित्रें आलीं. मग १९८० च्या सुमाराचीं रंगीत, आतां तांबूस पडलेलीं, पण ओळखतां येण्यासारखीं. मात्र गेल्या वीस वर्षांचीं चित्रें मागतांच सगळे हंसून म्हणाले, "हजारों आहेत!" प्रत्यक्षांत काय झालें? एकाचा फोन प्रवासांत हरवला होता. दुसऱ्याचा नाल्याच्या पुरांत गेला. तिसऱ्याला पासवर्ड आठवेना. चौथ्यानें सगळें सीडीवर उतरवून ठेवलें होतें. ती सीडी आतां कोणतेंच यंत्र वाचीना. पांचव्याकडे खरोखरच हजारों होतीं, परंतु त्यांत आपल्या सणाचें चित्र कोठें आहे हें तीन संध्याकाळ शोधूनही सांपडलें नाहीं. जीं थोडीं मिळालीं, तीं व्हॉट्सॲपवरून या हातून त्या हातीं फिरून इतकीं झिजलेलीं कीं छापखान्यांतील गृहस्थांनीं नुसती मान हलविली.

ज्या काळांत छायाचित्र काढणें खर्चाचें व कष्टाचें होतें, त्या काळाच्या खुणा आपणांपाशीं आहेत. आणि ज्या काळांत तें श्वास घेण्याइतकें सोपें झालें, त्या काळाच्या खुणा आपणांपाशीं नाहींत, असें कां व्हावें? समितींतील ज्येष्ठ मंडळींनीं तत्काळ निकाल दिला : "हा सारा दोष फोनचा. खरा कॅमेरा तो खरा." तरुण मंडळी म्हणालीं, "कॅमेरा कपाटांत असतो, फोन हातांत असतो. जो हातांत तोच खरा." हा वाद आज पुष्कळ घरांतून चालतो. त्याचा निकाल लावण्यापूर्वीं थोडा इतिहास पाहणें बरें.

काळोख्या खोलीच्या भिंतीला बारीक छिद्र ठेवलें असतां बाहेरील देखावा समोरच्या भिंतीवर उलटा उमटतो, ही गोष्ट फार प्राचीन काळापासून ठाऊक होती. येशूसंघीय पंडित अथानासियुस किर्चर यांनीं १६४६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रकाशविषयक ग्रंथांत अशा 'काळोख्या खोली'चें वर्णन दिलें आहे. उणीव एवढीच होती कीं, ती प्रतिमा टिकत नसे. ती टिकविण्याची किमया फ्रान्समध्यें साधली. निसेप्स याच्या आरंभींच्या प्रयत्नांनंतर दागेर याची पद्धति १९ ऑगस्ट १८३९ रोजीं पॅरिसमध्यें जगापुढें उघड करण्यांत आली. हिंदुस्थानांत ती कला लवकरच येऊन पोंचली, आणि १८५४ सालीं मुंबईंत छायाचित्रकारांची संस्थाही स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी, तसेच हरिश्चंद्र चिंतामण, हे त्या आरंभकाळांतील नामांकित एतद्देशीय छायाचित्रकार होत.

त्या वेळचें काम म्हणजे तपश्चर्याच. १८५१ सालीं निघालेल्या ओल्या कांचेच्या पद्धतींत कांचेवर रसायन ओतून, तें ओलें असतांनाच चित्र घ्यावें आणि वाळण्यापूर्वींच अंधाऱ्या तंबूंत शिरून तें धुवावें लागे. म्हणजे छायाचित्रकाराबरोबर कॅमेरा, तिपाई, कांचा, रसायनांच्या बाटल्या व तंबू असा बैलगाडीभर संसार चाले. १८७१ सालीं कोरड्या कांचेची युक्ति निघाली आणि हा संसार हलका झाला. तथापि उष्ण प्रदेशांतील एक पीडा कायम राहिली. कोरड्या कांचेवरील थर जिलेटिनचा असतो, व तो ऊन पाण्यांत मऊ होऊन सुटूं लागतो. ज्या शहरांत वैशाखांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, त्या आपल्या नागपुरासारख्या ठिकाणीं अशा कांचा धुणें म्हणजे रात्रीच्या गारव्याची व थंड पाण्याची वाट पाहणें होतें, हें सहज ध्यानांत येईल.

आपल्या धर्मप्रांताच्या जन्माशीं या कलेचा एक गोड योगायोग जुळलेला आहे. नागपूर धर्मप्रांताची स्थापना ११ जुलै १८८७ रोजीं पोपमहाशय तेरावे लिओ यांच्या कारकीर्दींत झाली. तत्पूर्वीं हा प्रदेश विशाखापट्टणमच्या धर्माधिकाराखालीं होता, आणि ॲनसी येथील संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे धर्मगुरु येथें काम करीत होते. त्याच संघाचे अलेक्सी रिकाज हे आपले पहिले बिशप. हेच पोपमहाशय पेरुजिया येथें कार्डिनल असतांना, म्हणजे १८६७ सालीं, त्यांनीं छायाचित्रकलेच्या गौरवार्थ एक लहानशी लॅटिन कविता रचिली होती. नवें यंत्र निघालें कीं धार्मिक माणसें त्याला भितात, असें म्हणणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

१८८७ याच वर्षाच्या २० नोव्हेंबरला रोममध्यें त्याच पोपमहाशयांच्या चरणांपाशीं एक १४ वर्षांची मुलगी गुडघे टेकून बसली आणि कार्मेल मठांत लवकर प्रवेश मिळावा अशी तिनें विनवणी केली. ती म्हणजे लिझ्यूची धाकटी संत तेरेजा. तिचा येथें उल्लेख करण्याचें कारण असें कीं, घरगुती छायाचित्रणाचा सर्वांत सुंदर दाखला तिच्याच मठांत सांपडतो. तिची थोरली बहीण सेलीन हिनें १४ सप्टेंबर १८९४ रोजीं त्या मठांत प्रवेश केला, तेव्हां आपला कॅमेरा बरोबर नेण्याची परवानगी तिला मिळाली. १३ बाय १८ सेंटिमीटरच्या कांचेवर चित्र घेणारा तो कॅमेरा होता. प्रत्येक चित्राला कांहीं सेकंद निश्चल राहावें लागे. सेलीननें समारंभाचींच चित्रें घेतलीं असें नाहीं. भगिनी कपडे धूत आहेत, गवत गोळा करीत आहेत, विरंगुळ्याच्या वेळीं एकत्र बसल्या आहेत, असे रोजचे प्रसंग तिनें टिपले. तेरेजा ३० सप्टेंबर १८९७ रोजीं वयाच्या २४ व्या वर्षीं प्रभुघरीं गेली, आणि १९२५ सालीं तिला संतपद मिळालें. मठांतील तिचीं सुमारें चाळीस छायाचित्रें उरलीं, म्हणूनच एका संताचा खरा चेहरा जगाला पाहतां आला.

पण या गोष्टीला पुढें आणखी एक प्रकरण आहे, आणि तें आजच्या काळाला फार लागू पडतें. मठांतील भगिनींना वाटलें कीं खरीं छायाचित्रें तेरेजेला न्याय देत नाहींत. म्हणून चेहरा मऊ केलेलीं, हात फिरविलेलीं चित्रें पुष्कळ वर्षें प्रसारांत राहिलीं. मूळ छायाचित्रें जशींच्या तशीं अखेर १९६१ सालीं प्रसिद्ध झालीं, आणि लोकांना दिसलें कीं खरा चेहरा अधिक दृढ, अधिक बोलका व अधिक पवित्र होता. आज प्रत्येक फोन न विचारतां चेहरा गोरा व गुळगुळीत करूं पाहतो. आपल्या आजीच्या सुरकुत्या पुसणाऱ्या यंत्रावर विश्वास ठेवावा कीं नाहीं, याचा विचार करतांना लिझ्यूचें हें उदाहरण आठवावें.

त्याच काळांत ट्यूरिन शहरांत एक विलक्षण घटना घडली. प्रभूच्या कफनाचें म्हणून जें वस्त्र तेथें जपलेलें आहे, त्याचें पहिलें छायाचित्र घेण्याचें काम सेकोंदो पिया या वकिलाकडे आलें. पहिला प्रयत्न फसला. २८ मे १८९८ रोजीं रात्रीं त्यांनीं विजेच्या दिव्यांत, सुमारें ५० बाय ६० सेंटिमीटरच्या प्रचंड कांचेवर पुनः चित्र घेतलें. अंधाऱ्या खोलींत कांच धुतांना त्यांना दिसलें कीं, वस्त्रावर जी आकृति अस्पष्ट व उलट्या छायेची आहे, ती कांचेवर सुलट, जणूं जिवंत मुखासारखी उमटली आहे. त्या वस्त्राविषयीं विद्वानांचा वाद आजही चालू आहे, व त्यांत येथें शिरण्याचें कारण नाहीं. आपल्या विषयापुरतें एवढेंच कीं, जें डोळ्यांना दिसत नव्हतें तें त्या मोठ्या कांचेनें दाखविलें. कारण ती कांच मोठी होती, प्रकाश पुष्कळ वेळ घेतला होता, आणि घेणारा मनुष्य उतावळा नव्हता.

आपल्या महाराष्ट्रापुरतेंही एक उदाहरण द्यावें. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांनीं प्रथम गोध्रा येथें छायाचित्रांचा धंदा केला. कॅमेरा माणसाची प्राणशक्ति ओढून घेतो अशी तेथील लोकांची समजूत असल्यामुळें त्यांना त्रास झाला. पुढें १९१०-११ च्या सुमारास मुंबईंत त्यांनीं प्रभु येशूच्या चरित्राचा चित्रपट पाहिला, आणि आपल्या देवदेवतांचीं चरित्रें अशींच पडद्यावर आणावीं ही प्रेरणा त्यांना तेथेंच मिळाली. १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' निघाला. हिंदी चित्रपटसृष्टीच्या उगमापाशीं प्रभूचें चरित्र उभें आहे, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्यासारखी आहे.

आतां कॅमेरा लहान कसा झाला तें पाहूं. १८८८ सालीं जॉर्ज ईस्टमन यानें अमेरिकेंत कोडॅक नांवाचा हातांत मावणारा कॅमेरा काढला. त्यांत शंभर चित्रांची गुंडाळी भरलेली असे. ती संपली कीं कॅमेराच कारखान्यांत पाठवावयाचा, आणि तिकडून छापलेलीं चित्रें परत यावयाचीं. १९०० सालीं एक डॉलर किंमतीचा ब्राउनी निघाला, व मुलांच्याही हातीं कॅमेरा आला. १९२५ सालीं जर्मनींतून लायका आला आणि ३५ मिलिमीटरच्या अरुंद फिल्मवर उत्तम चित्र घेतां येतें हें सिद्ध झालें. या प्रत्येक वेळीं जाणत्या छायाचित्रकारांनीं नाक मुरडलें : "हें खेळणें, यांत कला नाहीं." आज फोनविषयीं जें बोललें जातें, तेंच तेव्हां ब्राउनीविषयीं बोललें जात होतें.

आपल्या घरांत लहान कॅमेरा आला तो बहुतेकांच्या आठवणींत ॲग्फाच्या 'क्लिक-३' च्या रूपानें. बडोद्यास तयार होणारी ती काळी पेटी पुष्कळ मध्यमवर्गीय कुटुंबांचा पहिला कॅमेरा होती. तींत ऊन व ढगाळ अशा दोनच खुणा; बाकी जुळवाजुळव नाहीं. एका गुंडाळींत चौकोनी चित्रें अवघीं १२. उटकमंड येथें १९६० सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्मही कित्येकांना आठवत असेल. लेखकाच्या वडिलांपाशीं अशीच एक पेटी होती. नाताळाला एक गुंडाळी विकत घ्यावयाची, ती पुनरुत्थानाच्या सणापर्यंत पुरवावयाची, आणि मग ती सीताबर्डीच्या दुकानीं धुवावयास टाकावयाची, असा आमच्या घरचा नेम होता. गव्हाणीपुढें एक, मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर एक, आजोबांचें एक, झावळ्यांच्या रविवारीं एक. असा हिशेब चाले. चित्र घेण्यापूर्वीं वडील विचारीत, "हें घेण्यासारखें आहे का?" आज लक्षांत येतें कीं, त्या प्रश्नाची किंमत कॅमेऱ्याच्या किंमतीहून अधिक होती.

फिल्मचें युग संपविणारें यंत्र १९७५ सालीं कोडॅकच्याच कारखान्यांत जन्मास आलें, हा दैवाचा खेळ होय. स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानें तेथें फिल्मवांचून चित्र घेणारी एक पेटी बनविली. एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरविण्यास तिला २३ सेकंद लागत. पुढें १९९७ सालच्या ११ जूनला फिलिप काह्न यानें प्रसूतिगृहांतून आपल्या नवजात कन्येचें चित्र फोनला जोडलेल्या कॅमेऱ्यानें घेऊन दूरदूरच्या आप्तेष्टांस पाठविलें. २००० सालीं जपानमध्यें कॅमेरायुक्त फोन बाजारांत येऊन चित्रें पाठवूं लागला, आणि २००७ नंतरच्या नव्या फोनांनीं तर जगच व्यापलें. परिणाम असा कीं, २०१० सालीं जपानी कारखानदारांनीं सुमारें १२ कोटी डिजिटल कॅमेरे बाजारांत पाठविले होते. २०२३ सालीं तो आंकडा सुमारें ७७ लक्षांवर आला. कोडॅक कंपनीनें स्वतः २०१२ च्या जानेवारींत दिवाळखोरीपासून संरक्षण मागितलें.

आतां दोन्ही यंत्रांचा गुणदोषविचार करूं. चित्र म्हणजे सांठविलेला प्रकाश. ज्या पृष्ठावर प्रकाश पडतो तें जितकें मोठें, तितका प्रकाश अधिक. मोठ्या डिजिटल कॅमेऱ्यांतील असें पृष्ठ ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर असतें. फोनांतील पृष्ठ साधारणतः २५ ते १०० चौरस मिलिमीटर, म्हणजे नखाहूनही लहान. ही उणीव फोन बुद्धीनें भरून काढतो : एका टिचकींत तो अनेक चित्रें घेतो आणि त्यांची सरमिसळ करून एक स्वच्छ चित्र बनवितो. उजेडांत, अंगणांत, जेवणाच्या पंगतींत हें काम इतकें नामी होतें कीं, फोनचें चित्र कोणतें आणि मोठ्या कॅमेऱ्याचें कोणतें हें बोलके जाणकारही सांगूं शकत नाहींत.

परंतु आपल्या चर्चच्या आंत, मंद उजेडांत, मागील बांकावरून वेदीचें चित्र घ्यावयाचें असेल तर गोष्ट निराळी. तेथें फोन दूरचें दृश्य बहुधा कापून मोठें करतो, आणि जें दिसत नाहीं तें अनुमानानें भरतो. बालक मान वळवितें, धूपपात्र हलतें, तेव्हां अनेक चित्रांची सरमिसळ बिघडून कडा दुहेरी होतात. प्रथम कम्युनियनच्या मुलीमागील देखावा कृत्रिम रीतीनें अस्पष्ट करूं जातां तिच्या डोक्यावरील जाळीच्या ओढणीचाच अर्धा भाग फोन खाऊन टाकतो. २०२३ सालीं तर एका नामांकित फोनविषयीं असा बोभाटा झाला कीं, चंद्राच्या अस्पष्ट चित्रावर तो स्वतःच्या ज्ञानानें डाग व खळगे भरतो. चंद्राचें जाऊं द्या. माणसाच्या चेहऱ्याबाबत असें झाल्यास त्या चित्राला साक्ष कसें म्हणावें?

उलटपक्षीं मोठ्या कॅमेऱ्याच्याही व्याधी आहेत. तो महाग, जड, आणि शिकल्यावांचून न वळणारा. पावसाळ्यांत कपाटांत पडून राहिला तर भिंगावर बुरशी धरते. आणि मुख्य दोष हा कीं, ज्या क्षणीं बाळ पहिलें पाऊल टाकतें, आजोबा नातवाला क्रूसाची खूण करावयास शिकवितात, त्या क्षणीं तो हाताशीं नसतो. नित्याच्या छायाचित्रणांत हाताशीं असणें हाच पहिला गुण होय. सेलीनचा कॅमेरा मठांतच होता, म्हणून कपडे धुणारी तेरेजा आपणांस दिसली.

फोननें आपल्यावर केलेला एक उपकार तर कधींच विसरतां येणार नाहीं. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत महामारीनें आपल्या शहरांत हाहाकार केला. अंत्यविधीला मोजक्याच माणसांना जातां येत होतें. कित्येक मुलांनीं व भगिनींनीं आपल्या माणसाची शेवटची माती फोनच्या पडद्यावर पाहिली, प्रार्थना पडद्यावरूनच केली. मोठा कॅमेरा त्या दिवशीं निरुपयोगी होता. पण त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट दिसली. शवपेटीजवळ ठेवण्यासाठीं एक चांगलें चित्र हवें, असें म्हणून घरचे लोक फोन धुंडाळूं लागत. आणि हजारों चित्रांतून गेलेल्या माणसाचें एकटें, सरळ पाहणारें, छापण्याजोगें चित्र निघत नसे. कोणाच्या तरी वाढदिवसाच्या घोळक्यांतून चेहरा कापून काढावा लागे. ज्या मातेनें सर्वांचीं चित्रें काढलीं, तिचेंच चित्र कोणीं काढलें नव्हतें.

म्हणून समितींतील दोन्ही पक्षांना नम्रपणें असें सांगावेंसें वाटतें कीं, दोघांचाही बाण थोडा चुकला. आपल्या स्मरणिकेंतील पोकळी फोनपासून सुरू होत नाहीं. ती त्यापूर्वीं, डिजिटल कॅमेऱ्यापासूनच सुरू होते. न वाचतां येणारी ती सीडी उत्तम कॅमेऱ्याच्याच चित्रांची होती. खरें कारण असें : फिल्मच्या काळीं चित्र छापल्यावांचून पाहतांच येत नसे. आणि गुंडाळींत चित्रें बाराच असल्यामुळें निवड आधीं होई. फिल्म गेली त्या दिवशीं हे दोन्ही निर्बंध गेले, आणि त्यांची जागा आपण स्वतःच्या शिस्तीनें भरली नाहीं. यंत्र बदललें याचा दोष नाहीं. यंत्र जें काम सक्तीनें करवून घेई, तें आपण स्वेच्छेनें केलें नाहीं, हा दोष.

अशी शिस्त आपल्या धर्ममातेला नवीन नाहीं. ट्रेंटच्या धर्मसभेनें १५६३ सालीं आज्ञा केली कीं, प्रत्येक धर्मग्रामाच्या धर्मगुरूनें विवाह करणाऱ्यांचीं व साक्षीदारांचीं नांवें, दिवस व स्थळ एका पुस्तकांत लिहून तें जपून ठेवावें. १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यु इत्यादींच्या नोंदींचे नमुने घालून दिले. १९८३ च्या धर्मकायद्याचा ५३५ वा नियम आजही प्रत्येक धर्मग्रामास नोंदवह्या व दप्तरखाना ठेवावयास सांगतो, आणि जुनीं पुस्तकें काळजीपूर्वक सांभाळावयास लावतो. चार शतकांहून अधिक काळ एवढ्या साध्या उपायानें कोट्यवधि सामान्य माणसांचीं नांवें टिकलीं. राजांचे इतिहास लिहिले गेले; पण शेतमजुराच्या मुलीचें नांव कोठें सांपडत असेल तर तें बहुधा धर्मग्रामाच्या नोंदवहींत. छायाचित्रांना मात्र आपण अशी नोंदवही कधीं केलीच नाहीं.

प्रार्थनेच्या वेळच्या मर्यादेविषयीं दोन शब्द बोलणें अवश्य आहे. पोपमहाशय फ्रान्सिस यांनीं ८ नोव्हेंबर २०१७ च्या जाहीर भेटींत खेद व्यक्त केला होता कीं, मिस्सेंत धर्मगुरु अंतःकरणें वर करावयास सांगतात, आणि लोक फोन वर करतात. त्यांत कित्येकदां धर्मगुरु व बिशपही असतात. मिस्सा हा देखावा नव्हे, असें त्यांनीं बजाविलें. गेल्या सणाच्या दिवशींचीं आपल्या चर्चमधील जीं थोडीं चित्रें मिळालीं, त्यांत वेदीपेक्षां पुढच्यांचे वर केलेले फोनच अधिक दिसतात. शंभर जणांनीं तें क्षणचित्र घेतलें, आणि एकाचेंही चांगलें आलें नाहीं. शिवाय शंभरांची प्रार्थना गेली ती गेलीच.

यावरून पुढील कांहीं सूचना धर्मग्रामापुढें ठेवाव्याशा वाटतात. पहिली : नित्याच्या घरगुती चित्रांसाठीं फोन पुरेसा आहे; कोणीं संकोच मानूं नये, व ऋण काढून कॅमेरा घेऊं नये. मात्र चेहरा सुंदर करणारी किमया बंद ठेवावी, आणि वर्षांतून एकदां घरांतील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाचें, दिवसाच्या उजेडांत, खिडकीपाशीं बसवून, एकट्याचें चित्र घ्यावें. दुसरी : संस्कारविधि, पालक संताचा सण आणि धर्मग्रामाचें समूहचित्र यांसाठीं धर्मग्रामाचा एक बरा कॅमेरा असावा. दोन तरुणांस तो शिकवावा, त्यांची उभें राहण्याची जागा धर्मगुरूंनीं ठरवून द्यावी, आणि बाकीच्या सर्वांनीं फोन खिशांत ठेवावा. मुलांचीं चित्रें मातापित्यांच्या संमतीवांचून बाहेर प्रसृत करूं नयेत. तिसरी : छापावयाचें चित्र व्हॉट्सॲपवर साध्या रीतीनें पाठवूं नये; तसें केलें असतां तें आकुंचन पावून लांबींत सुमारें १६०० ठिपक्यांचें उरतें. छपाईला इंचास ३०० ठिपके लागतात. म्हणजे तें चित्र सव्वापांच इंचांपलीकडे वाढवितां येत नाहीं. मूळ चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावें, व त्याच्या दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणीं ठेवाव्या.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची. दरवर्षीं, आगमनकाळापासून ख्रिस्त राजाच्या सणापर्यंत, धर्मग्रामाच्या जीवनांतील फक्त १२ चित्रें निवडावीं. जुन्या पेटींतील गुंडाळीएवढीं, अधिक नाहींत. तीं चांगल्या कागदावर छापून घ्यावीं. प्रत्येकाच्या पाठीमागें मऊ पेन्सिलीनें तारीख, प्रसंग आणि डावीकडून उजवीकडे सर्वांचीं नांवें लिहावीं. चिकट पानांच्या आल्बमांत तीं डकवूं नयेत, कारण त्या डिंकानें चित्रें खराब होतात. तीं लखोट्यांत घालून दप्तरखान्यांत, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीशेजारीं ठेवावीं. पंचवीस वर्षांत अशीं ३०० चित्रें होतील. शतकमहोत्सवाच्या समितीला दारोदार हिंडावें लागणार नाहीं.

कोनशिलेच्या त्या समूहचित्राविषयीं एक गोष्ट सांगून लेख पुरा करतों. तें चित्र चर्चच्या व्हरांड्यांत मांडलें असतां एक तरुण त्याची मागची बाजू वाचीत उभा राहिला. शेवटच्या रांगेंत, उजवीकडून दुसऱ्या माणसाच्या नांवापुढें 'गवंडी' असें लिहिलें होतें. तें त्याच्या पणजोबांचें नांव होतें. पणजोबांनीं हें चर्च बांधण्यास हात लावला होता हें घरीं कोणास ठाऊक नव्हतें. त्यांचा चेहराही कोणीं पाहिला नव्हता. त्यानें चित्र पुनः सुलट केलें आणि बराच वेळ त्या माणसाकडे पाहिलें. मग खिशांतून फोन काढला, उजेडाकडे वळून त्या चेहऱ्याचें चित्र घेतलें, आणि आपल्या आईला पाठविलें.

मोठ्या कॅमेऱ्यानें तो चेहरा टिकविला, कोणाच्या तरी लेखणीनें त्याचें नांव टिकविलें, आणि फोननें तो घरीं पोंचविला. तिघांचेंही काम होतें, व तिघांनींही तें केलें. येत्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारापासून धर्मग्रामाच्या कचेरींत एक कोरी नोंदवही व बारा लखोटे ठेवण्यांत येणार आहेत. पहिलें चित्र कोणाचें असावें हें अद्याप ठरलेलें नाहीं; वाचकांनीं सुचवावें, अशी विनंति आहे.